न लावलेल्या बुचाचं प्रगतिपुस्तक

हसायचं तर खुशाल हसा, पण माझी एक अट आहे. चहा संपेपर्यंत मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. एकदा थांबलो तर पुढचं सांगायची हिंमत होणार नाही माझी. हा किस्सा मी आजवर फक्त बायकोला सांगितला होता, आणि तिला तो माझ्याआधीच माहीत होता.

मी जिल्हा परिषदेतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. दहा-बारा शाळा हाताखाली, आणि काम एकच, शाळाशाळांत जाऊन रजिस्टरं तपासायची. कुठल्या गुरुजींनी हजेरी खरी भरलीय आणि कुठल्यांनी घरी बसून, हे मला शाईच्या रंगावरून कळायचं. अक्कलकुवा तालुक्यात असताना एका शाळेत मी शनिवारी अचानक भेट दिली. हजेरीपट उघडतो तर काय, सोमवारची हजेरी भरलेली! चाळीसपैकी अडतीस हजर, दोन आजारी. दोन दिवसांनंतर कोण आजारी पडणार हेसुद्धा गुरुजींना ठाऊक. मी शेरेबुकात लाल शाईने लिहिलं, 'गुरुजी ज्योतिषी असल्याचे दिसून आले.' हा शेरा मी पुढं वीस वर्षं लग्नांत, साखरपुड्यांत, एसटीत, जो भेटेल त्याला सांगत आलोय. तुम्हीही ऐकला असेल. ऐकला असेल तर लक्षात ठेवा.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ निघाली. सुरतला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण शौचाची मूळ वाट बंद झाली आणि पोटावर डाव्या बाजूला नवं तोंड काढलं. त्यावर चोवीस तास चिकटवलेली पिशवी. आता लाजायचं कशाला, सगळ्यांच्या पोटात तेच असतं, माझं फक्त बाहेर लटकतं.

खरा छळ पिशवीचा नव्हता, आवाजाचा होता. त्या तोंडाला दारवान नसतो. त्याला वाटेल तेव्हा ते बोलतं. बँकेत रांगेत उभा आहे, सगळे चिडीचूप, आणि माझ्या सदऱ्यातून एकदम आवाज. मी लगेच जोरात खोकायचो. बँकेतल्या मुलीने एकदा काळजीने विचारलं, काका, टीबीची तपासणी केलीत का? तेव्हापासून मी बँकेत जाणं सोडलं. मग देवळात, मग मित्रांच्या कट्ट्यावर. वर्षभरात माझी हद्द स्टेशन रोडपासून आमच्या गॅलरीपर्यंत आली.

अशात भेटल्या गावित सिस्टर. मूळच्या नवापूरकडच्या, बोलायला मऊ, नजरेला मात्र धारदार. पिशवीवाल्या रुग्णांसाठी त्या दर सोमवारी नंदुरबारला एका दवाखान्यात यायच्या. एका सोमवारी त्यांनी माझ्यासमोर एक पुडकं ठेवलं. म्हणाल्या, सर, हे नवीन आहे. पिशवीऐवजी हे लावायचं.

काय होतं? बूच! सरळ शब्दात सांगायचं तर बूच. बोटाच्या पेराएवढी मऊ स्पंजाची कांडी, वरून पातळ पापुद्रा. आत सारली की ओलाव्याने पापुद्रा विरघळतो, स्पंज फुगतो आणि वाट बंद होते. वर एक चपटी चकती, ती कातडीला चिकटते. चकतीत गाळणी आहे, तिच्यातून हवा जाते पण आवाज आणि वास जात नाही. काही तास झाले की काढायचं आणि टाकून द्यायचं.

हे आपल्याकडच्या लोकांना जमतं का, झेपतं का, ते सिस्टरांना बघायचं होतं. म्हणून काही रुग्णांना चौदा चौदा बुचं आणि एकेक तक्ता दिला. सात दिवस, रोज दोन. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं, गळती झाली का, आवाज आला का, पोट दुखलं का, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना बघून मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू.

सिस्टरांनी बजावलं, "सर, खरं लिहा. त्रास झाला तर त्रास लिहा. जमलं नाही तर जमलं नाही लिहा. तक्ता छान दिसायला नकोय मला."

मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही हे कुणाला सांगताय? आणि त्यांना ज्योतिषी गुरुजींची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. जाता जाता मी पुन्हा एकदा सांगितली.

घरी आलो, पुडकं उघडलं, बूच हातात घेतलं आणि तसंच परत ठेवून दिलं.

तुम्ही म्हणाल, एवढीशी कांडी, तिला काय घाबरायचं? अहो, मी नोकरीची पहिली वर्षं नर्मदाकाठी काढलीत, मणिबेलीच्या बाजूला. होडीतून शाळेवर जायचो. खाली धरणाला पाणी अडवलं आणि वर काय काय बुडालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. ज्या टेकाडावर उभं राहून मी पोरांना मोजायचो ते टेकाड पाण्याखाली गेलं. तेव्हापासून 'अडवणं' या गोष्टीचीच मला धास्ती. पुढं बूच लावल्यावर मागं काय काय साठेल, कुठवर चढेल, माझं पोट किती गावांचं आहे, हे कोण सांगणार? सिस्टरांनी समजावलं होतं, दुखलं तर लगेच ओढून काढा, दोरी आहे त्याला. पण भीतीला दोरी दिसत नाही.

पहिल्या दिवशी मी ठरवलं, उद्यापासून. दुसऱ्या दिवशी ठरवलं, पोट जरा जड आहे, उद्या. तिसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. मी देवधर्मातला माणूस नाही, पण त्या दिवशी होतो.

आणि चौथ्या दिवशी सकाळी मी तक्ता पुढ्यात ओढला.

आता तुमच्यात कुणी शिक्षक असेल तर त्याला सांगायला नको. कोरा तक्ता दिसला की आमचा हात आपोआप चालतो. आयुष्यभर हजारो तक्ते वरून आले, आम्ही भरले, वर पाठवले. कुणाच्या पोटाशी त्यांचा संबंध असतो हे आमच्या स्वप्नातही येत नाही. मी दोन पेनं घेतली, एक निळं, एक काळं. दिवसाआड शाई बदलली. अक्षर मुद्दाम एकदोन ठिकाणी तिरकं काढलं. सगळंच छान लिहिलं तर संशय येतो, म्हणून चौथ्या दिवशी 'किंचित गळती' टाकली. तिसऱ्या दिवशी साडेसहा तास दिले. मग हात सैल सुटला. लिहिलं, 'कळण्याची भाकरी व ठेचा खाऊनही पोटात कुरकुर नाही.' पाचव्या दिवशी तर मी स्वतःला मिरचीच्या पथारीवर नेलं. आपल्याकडे लाल मिरची वाळत घातलेल्या पथारीवर उभं राहिलं तर माणूस शिंकून शिंकून अर्धा होतो. मी लिहिलं, 'पथारीवर सलग नऊ शिंका आल्या. बूच जागचे हलले नाही.' कोपऱ्यावर चहाचा एक थेंबही सांडला. त्याशिवाय तक्ता वापरातला वाटत नाही.

बायको मागून येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, काय लिखी ऱ्हायनात एवढं? मी म्हटलं, सरकारी काम. तिने तक्ता वाचला, पुडक्यातली बुचं मोजली. चौदाच्या चौदा.

"ती शाळा नही शे," ती म्हणाली. "तुमनं पोट शे ते."

मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. कळत मलाच नव्हतं, पण बोलण्याची सवय.

आम्हाला मुदतीच्या आत सादर करायची खोड. सिस्टरांनी म्हटलं होतं, सात दिवस पूर्ण करा आणि त्याच्या पुढच्या सोमवारी आणा. मी आधीच्याच सोमवारी सकाळी अकराच्या ठोक्याला हजर. त्याआधी एक झेरॉक्स काढून घरी ठेवली. कार्यालयात तिला स्थळप्रत म्हणतात. वर पाठवलेल्या प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवायची, म्हणजे पुढं आपण काय लिहिलं होतं ते आपल्याला कळतं.

सिस्टरांनी तक्ता शांतपणे वाचला. वरपासून खालपर्यंत. एक बोट शेवटच्या ओळीवर जरा थांबलं. मग म्हणाल्या, छान, सर. फारच छान. मी विचारलं, आता आणखी काही? त्या म्हणाल्या, सध्या नाही. मला वाटलं, सुटलो.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन. शहाद्याच्या बाजूला तापीकाठच्या एका गावात एक रुग्ण आहेत, पुरुषोत्तमभाई पटेल, केळी आणि ऊस करणारे. त्यांना पण पिशवी आहे. वर्ष झालं, घराबाहेर पडलेले नाहीत. तुमचा नंबर देऊ का? बोलाल त्यांच्याशी?

इथं खरं बोलायची संधी होती. सोन्यासारखी संधी. पण बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुणीतरी हवंय, सर." झालं. माझी मान आपोआप ताठ झाली. म्हटलं, द्या की.

भाईंचा फोन संध्याकाळी आला. आवाज एवढा भरदार की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. पण बोलणं दबकं. सांगत होते, एके काळी बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातला माणूस यायचा, आता मजुरांना आवाज ऐकू जाईल म्हणून मी केळीच्या बागेत जात नाही. एकुलती एक मुलगी, हेतल, तिचं लग्न पुढच्या महिन्यात. कन्यादानाला धाकट्या भावाने बसायचं असं भाईंनी ठरवलं होतं. भटजी मंत्र म्हणतायत, मांडवात शांतता, आणि आपल्या पोटातून आवाज आला तर? मुलीचं नाक कापलं जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात. आणि हेतल म्हणत होती, पप्पा नाही बसले तर मीही पाटावर येणार नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "सिस्टरबाई मला शिकवतायत. पण त्यांच्या पोटावर काही नाही ना. तुम्ही लावलंय. तुम्ही सांगितलं तर मी बसेन."

मी स्थळप्रत शोधायला उठलो.

मग रोज फोन. गुरुजी, पहिल्यांदा लावलं तेव्हा दुखलं का? मी चष्मा लावून बघायचो, दिवस पहिला, पोटदुखी नाही. नाही हो भाई, अजिबात नाही. गुरुजी, सलग किती तास राहिलं? थांबा हं, साडेसहा. गुरुजी, लग्नात धूर असतो, ठसका लागला तर? मी म्हटलं, भाई, पथारीवर नऊ शिंका. ते म्हणाले, नऊ? आणि त्यांच्या आवाजात असं काही आलं की मला फोन ठेवून द्यावासा वाटला. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनेसुद्धा ठेवला नव्हता.

माझी झोप उडाली. जेवण जाईना. रोज सकाळी ठरवायचो, आज खरं सांगून टाकू. फोन वाजला की ते म्हणायचे, गुरुजी, तुमच्यामुळे धीर आला. आता सांगा, अशा माणसाला कसं सांगायचं? बायको म्हणाली, सांगी टाका त्या माणूसले खरं. मी म्हटलं, सांगतो, योग्य वेळ येऊ दे. ती म्हणाली, मग निदान लावी तरी देखा. मी बूच हातात घेतलं, बाथरूममध्ये गेलो, दहा मिनिटं बादलीकडे बघत उभा राहिलो आणि बाहेर आलो. तिने बूच माझ्या हातातून घेऊन पुडक्यात ठेवलं.

लग्नाच्या आठ दिवस आधी भाईंचा शेवटचा बॉम्ब पडला. पत्रिका पाठवली आहे, सहकुटुंब यायचं, आणि कन्यादानाच्या वेळी तुम्ही माझ्या अगदी मागं खुर्चीवर बसायचं. "तुम्ही पण लावून या. दोघांचं एकदमच. मग मला काही वाटणार नाही."

लग्न दुपारचं होतं. तापीकाठ, मे महिना, मांडवाखाली पंखे, मागच्या अंगाला वरण-बट्टीची तयारी. मी आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सदऱ्याच्या आत माझी जुनीच पिशवी. बायकोने गाडीतच सांगितलं, पर्समा दोन बूच ठेयेल शेतस, पिशवीबी शे. मी म्हटलं, कशाला? तिने पर्सची चेन लावली.

भाई म्हणजे उंचापुरा माणूस, पांढरा सफारी, कपाळाला गंध. मला बघताच दोन्ही हात धरले आणि थेट आतल्या खोलीत घेऊन गेले. दाराला कडी घातली. मुहूर्ताला अर्धा तास होता.

"गुरुजी, एकदा बघून घ्या," म्हणाले आणि सदरा वर केला. पोटावर रुपयापेक्षा जरा मोठी गोल चकती, चारही बाजूंनी नीट चिकटलेली. इतकं साधं, इतकं नेटकं. मी आयुष्यात पहिल्यांदा लावलेलं बूच बघत होतो. तोंडातून निघून गेलं, वा, छान बसलंय हो.

"आता तुमचं दाखवा. ताळा करून बघू, म्हणजे माझं बरोबर आहे का कळेल."

मी म्हटलं, तुमचं बरोबरच आहे. ते म्हणाले, तरी दाखवा. मी म्हटलं, उकडतंय फार. ते म्हणाले, म्हणून तर वर करा. मी मागं सरकत गेलो तो गाद्यांच्या ढिगाला टेकलो. आणि त्याच क्षणी, काय सांगू तुम्हाला, माझी पिशवी बोलली. चांगलं लांबलचक बोलली. बंद खोलीत.

भाई माझ्या पोटाकडे बघत राहिले.

"गुरुजी, तुमच्या बुचाला आवाज येतो?"

"ते बूच नाही, भाई. पिशवी आहे."

"आज लावलं नाही?"

"कधीच लावलं नाही."

"साडेसहा तास?"

"लिहिले होते."

"आणि पथारीवरच्या शिंका?"

मी मान खाली घातली. मी किती तरी मास्तरांना अशी मान खाली घालायला लावली होती. खाली काय दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. स्वतःच्या चपला दिसतात.

भाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच गादीवर बसले. "मी तुमच्या भरवशावर बसणार होतो," एवढंच म्हणाले. मग सदरा खाली ओढला आणि बोटांनी ती चकती चाचपायला लागले, काढूनच टाकतील असं. "धाकट्याला सांगा बसायला."

तेवढ्यात दारावर टकटक. बाहेरून हेतलचा आवाज आला. "पप्पा, येताय ना?"

भाईंची बोटं चकतीवरच राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला पोट फुटायची भीती वाटायची ना? त्या क्षणी ती कुठल्या कुठं गेली, कारण तिच्याहून मोठी भीती समोर बसली होती. एका माणसाची मुलगी पाटावर येणार नाही, आणि का, तर माझ्या निळ्या-काळ्या शाईमुळे. मी दार किलकिलं केलं, हेतलला म्हटलं, बेटा, पाच मिनिटं, आणि माझ्या बायकोला पाठव. बायको दाराबाहेरच होती. पर्स तिने आधीच उघडलेली होती.

"भाई," मी म्हटलं, "इथंच लावतो. तुमच्यासमोर. मला काही झालं तर तुम्ही बसू नका. नाही झालं तर बसा."

पिशवी काढली, पुसलं, बूच हातात घेतलं. घाम गळून डोळ्यांत. मी देवाचं नाव घेतलं आणि सारायला गेलो, तर भाई उठले.

"गुरुजी, उलटं धरलंय तुम्ही."

बघतो तर खरंच चकतीची बाजू आत.

मग त्या माणसाने, ज्याला मी महिनाभर फोनवर अक्कल शिकवत होतो, त्याने माझ्या हातातलं बूच सरळ केलं. म्हणाले, आधी श्वास सोडा. पोट सैल सोडा, आवळू नका. टोक ओलं करा. आता हळूच. सिस्टरबाईंनी मला पहिल्या दिवशी फक्त एक तास ठेवायला सांगितलं, मग दोन, मग तीन. तुम्ही एकदम साडेसहा लिहिलेत तेव्हाच मला नवल वाटलं होतं, पण म्हटलं, केंद्रप्रमुख आहेत. चकती दाबा. अंगठ्याने. झालं.

झालं? एवढंच? मी वाट बघत उभा. काही फुटलं नाही. काही दुखलं नाही. आत जरासं भरल्यासारखं वाटलं, बस. मी भाईंकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता देव जाणे, पण तो माणूस हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग तो बांधावरचा मूळ आवाज सुटला. डोळे पुसत म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तर माझ्याहून भित्रे निघालात."

आणि कडी काढून स्वतःच्या पायांनी मांडवात गेले.

मी मागच्या खुर्चीवर. पुढं भाई, त्यांच्या पत्नी, समोर पाटावर हेतल. भटजींचा आवाज सोडला तर टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. मी घड्याळ बघतोय. पाच मिनिटं. भाईंची पाठ ताठ. दहा मिनिटं. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले, त्यात थोडं बुचाचंही होतं.

पंधरा मिनिटं झाली आणि वारा फिरला. मागं आचाऱ्याने वांग्याच्या भाजीला फोडणी दिली होती. आपल्या नंदुरबारची मिरची, पावशेरभर तरी असेल. धूर सरळ मांडवात. आधी एक म्हातारी ठसकली, मग पहिली रांग, मग भटजी मंत्रातच अडकले. भाईंना ठसका लागला. मी श्वास रोखून बघतोय. एक ठसका, दोन, तीन. काही नाही! मागं वळून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. हेतल रडत होती, मिरचीने की बापाने, कळायला मार्ग नव्हता.

आणि मग मला शिंक आली.

नऊ नाही. एकच. पण जुन्या केंद्रप्रमुखाची शिंक. पोटावर काहीतरी सटकन सुटलं आणि सदऱ्याच्या आत लोंबकळायला लागलं. मी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि ओणवा होऊन चालायला लागलो. लोकांना वाटलं, गुरुजींना भरून आलं. एकाने वाट करून दिली, एकीने पाण्याचा पेला पुढं केला. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं. खोलीच्या दारात बायको दुसरी पिशवी हातात धरून उभी होती.

तिने फक्त घड्याळ बघितलं. "अठरा मिनिटं," म्हणाली.

भाईंचं बूच थेट पाठवणीपर्यंत टिकलं. जेवताना त्यांनी स्वतः पंगतीत फिरून बट्टी वाढली आणि इतक्या मोठ्याने आग्रह केला की आचारी दचकला.

पुढच्या सोमवारी मी उरलेली बुचं पुडक्यात भरून दवाखान्यात गेलो. सिस्टरांसमोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचं सगळं मूल्यमापन मी नासवलं. माझा तक्ता फाडून टाका.

"तो मी त्याच दिवशी बाजूला काढला होता, सर," त्या म्हणाल्या. "हिशेबात धरलाच नाही."

मी चाट पडलो. मग भाईंना माझ्याकडे का पाठवलंत?

"त्यांना लावता येत होतं, धीर नव्हता. घरातले सगळे त्यांना घाबरू नका घाबरू नका म्हणत होते, त्याने ते जास्तच घाबरायचे. म्हटलं, त्यांच्याएवढाच घाबरलेला एखादा सोबतीला देऊ. खरं तर मला वाटलं होतं, तुम्ही पहिल्याच फोनवर कबूल कराल." मग म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत माझा अंदाज चुकला."

मी विचारलं, पण तुम्हाला कळलं कसं? शाई बदलली होती, गळती दाखवली होती, चहासुद्धा सांडला होता.

त्यांनी कपाटातून माझा तक्ता काढला आणि समोर ठेवला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सातवा दिवस, सोमवार. बूच लावले, दुपारी बारा. बूच काढले, संध्याकाळी साडेसहा. गळती नाही.

आणि तक्ता मी दिला होता सोमवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला.

त्या ओळीच्या पुढं, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गुरुजी ज्योतिषी असल्याचे दिसून आले.'